पुराण मागणारा शिष्य : सासष्टीच्या इगर्जीतले प्रौढांचे धर्मशिक्षण

१/२७
दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, एका इंग्रज धर्मगुरूने केलेली मराठीची स्तुती समाजमाध्यमांवर फिरते. कवी फादर थॉमस स्टीफन्स, ग्रंथ ‘क्रिस्तपुराण’, प्रथम मुद्रण १६१६, एवढी माहिती तिच्यासोबत येते. स्तुतीच्या ओव्या मोजक्याच आहेत. संपूर्ण ग्रंथात मात्र १०,९६२ ओव्या आहेत. त्या उरलेल्या हजारो ओव्या कोणासाठी रचल्या गेल्या आणि कुठे वाचल्या गेल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर दक्षिण गोव्यातील सासष्टीच्या इगर्जींत, तिथे बसलेल्या प्रौढ श्रोत्यांत सापडते. त्या श्रोत्यांचा हा इतिहास. (थ्रेड)

२/२७
प्रथम स्थळ. ही सासष्टी गोव्यातील, जुवारी नदीच्या दक्षिणेची. मुंबईजवळची साष्टी वेगळी. तिसवाडी बेट १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेले, तर सासष्टी आणि बारदेश हे महाल १५४३ मध्ये त्यांच्याकडे आले. पुढे धर्मप्रसारासाठी प्रदेशांची वाटणी झाली : बारदेश फ्रान्सिस्कन संघाकडे आणि सासष्टी येशूसंघाकडे, म्हणजे जेझुइटांकडे. जुवारीच्या काठचे रायतूर, ज्याला पोर्तुगीज राचोल म्हणत, हे सासष्टीतील जेझुइटांचे मुख्य ठाणे झाले. किल्ला, इगर्ज, विद्यालय आणि पुढे छापखानाही तिथे उभा राहिला.

३/२७
धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, ही कॅथलिक जीवनाची मूळ वस्ती. एक गाव किंवा जवळजवळची काही गावे, त्यांची एक इगर्ज आणि तिचा एक पाद्री. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने (१५४५–६३) या व्यवस्थेला शिस्त लावली. बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद ठेवणे, रविवारी व सणाच्या दिवशी मुलांना धर्माची मूलतत्त्वे शिकवणे ही पाद्र्याची कर्तव्ये ठरली. १५६६ मध्ये पाद्र्यांच्या उपयोगासाठी रोमन धर्मशिक्षणग्रंथही निघाला. युरोपात ही रचना चालून जाण्यासारखी होती, कारण तिथे मूल ख्रिस्ती घरातच जन्मत असे आणि बाकीचा धर्म त्याला घर, गाव आणि सणवार शिकवीत.

४/२७
सासष्टीत परिस्थिती उलटी होती. इथे बाप्तिस्मा घेणाऱ्यांत मोठ्या वयाची माणसे होती आणि त्यांतील अनेकांच्या मागे राजसत्तेचा रेटा होता. १५५९ ची राजाज्ञा अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याची होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळे पाडण्यात आली. कुडथळचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा हे देव त्याच दशकात नदीपलीकडे, त्या काळच्या आदिलशाही मुलुखात हलवले गेले. आजचे मंगेशी आणि कवळे येथील देवस्थान तेच. देवामागे काही कुटुंबे गेली. जी राहिली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, कोणी जमिनीसाठी, कोणी भीतीने, कोणी श्रद्धेने.

५/२७
हा रेटा निमूट सहन झाला नाही. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे इगर्जीसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार केले. अकबराच्या दरबारी पहिले जेझुइट शिष्टमंडळ घेऊन गेलेले रूडॉल्फ अक्वाव्हिवा त्यांच्यातच होते. पोर्तुगीजांनी बदला घेतला : कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. एका बाजूला हुतात्म्यांची स्मृती, दुसऱ्या बाजूला वीरांची; सासष्टीच्या मातीत दोन्ही एकाच वर्षी रुजल्या. पुढची सारी धर्मशिकवण या जखमेवर उभी आहे, हे विसरून तिच्याकडे पाहता येत नाही.

६/२७
त्या वेळी सासष्टीत वावरत असलेल्या जेझुइटांत थॉमस स्टीफन्स होते. जन्म इंग्लंडमधील विल्टशायरचा, सुमारे १५४९ चा. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक उपासना दंडनीय होती. तिथले कॅथलिक घराच्या बंद दारांआड मिस्सा ऐकत. स्टीफन्स यांनी देश सोडला, १५७५ मध्ये रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले. उरलेले आयुष्य, जवळजवळ चाळीस वर्षे, त्यांनी मुख्यतः सासष्टीत काढले. आपल्या देशात ज्याचा धर्म बंदीत होता, तो माणूस दुसऱ्यांचा धर्म बंदीत टाकणाऱ्या राजसत्तेच्या छत्राखाली शिकवू लागला. हा विरोधाभास त्यांच्या चरित्रातून वगळता येणारा नाही.

७/२७
त्या राजसत्तेने सासष्टीच्या गावातून नेमके काय काढून घेतले होते? मूर्ती आणि वास्तू तर गेल्याच. त्यांच्याबरोबर संध्याकाळ गेली. देवळाच्या मंडपात पुराणिक पोथी उघडून बसे, एक ओवी वाची, तिचा अर्थ सांगे, मध्येच कोणी शंका काढी, पुराणिक दृष्टांत देई आणि पोथी पुढे सरके. अक्षरओळख नसलेला माणूसही अशा श्रवणातून रामकथा, भारतकथा, पाप-पुण्याचा विचार आणि जगण्याची रीत शिकत असे. मोठ्या माणसाचे शिक्षण ते हेच. त्याला ना वय आडवे येई, ना लिपी.

८/२७
हे श्रवण बंद पाडण्यात आले. १५६७ च्या गोवा प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू पुराणिक आणि उपदेशक यांना ख्रिस्ती मुलुखातून घालवण्याचा आग्रह धरला. ख्रिस्ती नसलेल्यांनीही ठरावीक रविवारी प्रवचनाला बसावे असे ठरवले. पोथ्या जप्त झाल्या, नष्ट झाल्या. आणि तरीही जेझुइट त्या पोथ्या वाचत होते. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेल्या रामायण-महाभारतातील कथांची, मराठी व कोकणी मजकुराची जुनी हस्तलिखिते आजही आहेत. ज्या साहित्यावर बंदी होती त्याची नक्कल बंदी घालणाऱ्यांच्याच पेटाऱ्यात टिकली. लोक काय ऐकत आले, हे पाद्र्यांना चांगले ठाऊक होते.

९/२७
पोथीच्या जागी आली ‘दोत्रिन’. पोर्तुगीज ‘दौत्रिना’ या शब्दाचे हे स्थानिक रूप. देवबापाला करायची प्रार्थना, श्रद्धेची कलमे, दहा आज्ञा, पापांची व पुण्यकृत्यांची यादी हा तिचा ऐवज. शिकवण्याची पद्धत पाठांतराची. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेव्हा रस्त्याने घंटा वाजवत मुलांना गोळा करीत आणि दोत्रिन चालीवर म्हणवून घेत. मुलांनी ती घरी जाऊन आईबापांना व शेजाऱ्यांना म्हणून दाखवावी, अशी त्यांची अपेक्षा असे. म्हणजे प्रौढांच्या धर्मशिक्षणाची पहिली योजना त्यांच्याच लेकरांच्या तोंडून त्यांना शिकवण्याची होती.

१०/२७
स्टीफन्स यांनीही दोत्रिन लिहिली. पोर्तुगीज जेझुइट मार्कुश जॉर्ज यांच्या पुस्तकाच्या आधाराने रचलेली ही संवादरूप शिकवण त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये रायतूरला छापली गेली. ती कोकणीत आहे आणि कोकणीतील आद्य मुद्रित ग्रंथांत तिची गणना होते. तिच्या मुखपृष्ठावरचे पोर्तुगीज शीर्षकच सांगते की हा संवाद मुलांना शिकवण्यासाठी आहे. हा तपशील महत्त्वाचा. मुलांसाठी बोलभाषेतील प्रश्नोत्तरे आणि मोठ्यांसाठी ग्रांथिक मराठीतील पुराण, असे दोन वेगळे ग्रंथ एकाच लेखकाने एकाच धर्मग्रामजीवनासाठी तयार केले. दुसऱ्याची गरज का भासली?

११/२७
‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच त्याचे उत्तर आहे. बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूपुढे येतो आणि आपले गाऱ्हाणे मांडतो. दोत्रिन चांगली आहे, पण तेवढ्याने मन भरत नाही. पूर्वीची पुराणे तुम्ही वाचू देत नाही, मग आमच्या भाषेत, त्यांच्यासारखे दुसरे पुराण तुम्ही का देत नाही? त्याच्या बोलण्याचा आशय हा. यात तक्रार आहे, मागणी आहे आणि अध्यापनाचे निदानही आहे : मनात कथा भरलेल्या माणसाला नुसती कलमांची यादी पुरत नाही. पाद्रीगुरू ही मागणी मान्य करतात आणि कथा सुरू होते.

१२/२७
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून शंका घ्यायला हवी. हा ब्राह्मण खरोखर कोणी होता का? पुराण प्रश्नानेच सुरू व्हावे, हा भारतीय परंपरेचा संकेत आहे. नैमिषारण्यात शौनकादी ऋषी सूतांना विचारतात. मृत्यूची वाट पाहणारा परीक्षित शुकमुनींना विचारतो. स्टीफन्स यांनी हा संकेत ओळखून आपल्या ग्रंथासाठी एक पृच्छक घडवला असणे सहज शक्य आहे. त्यामुळे या प्रसंगाला एखाद्या रविवारचे इतिवृत्त समजणे धोक्याचे ठरेल. तथापि कल्पित पृच्छकाच्या तोंडी घातलेली मागणीही कल्पितच असते, असे नाही. तिची पडताळणी ग्रंथाबाहेर करावी लागते.

१३/२७
बाहेरचा पुरावा बोलका आहे. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले आणि पुन्हा १६४९ व १६५४ मध्ये. अडतीस वर्षांत तीन आवृत्त्या, तेही छपाई महाग आणि कागद दुर्मिळ असण्याच्या काळात. शिवाय इतर जेझुइटांनी तीच वाट धरली. एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्र्याचे संत पेत्रावरील मराठी ओवीबद्ध पुराण १६२९ मध्ये निघाले. आंतोनियु द साल्दान्य यांचा पादुआच्या संत अंतोनीवरील ग्रंथ १६५५ मध्ये आला. चार दशकांत अशी मोठी रचना पुन्हा पुन्हा झाली, ती ऐकणारे लोक होते म्हणूनच.

१४/२७
ग्रंथाची मांडणी अशी. ‘पैले पुराण’ विश्वाच्या निर्मितीपासून सुरू होते : आदाम आणि एवा, नोहा, अब्राहाम, मोशे, राजे, संदेष्टे आणि तारणाऱ्याची वाट पाहणारे जग. ‘दुसरे पुराण’ येशूचा जन्म, शिकवण, दुःखसहन, मृत्यू आणि पुनरुत्थान सांगते. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वरू, म्हणजे अध्याय. हे बायबलचे भाषांतर नव्हे. पाद्रीगुरू कथा सांगतात, श्रोते ऐकतात, शंका विचारतात आणि शंकेच्या उत्तरातून तत्त्वविचार पुढे येतो. देवळाच्या मंडपातील पुराणकथनाची चौकट इथे जशीच्या तशी उचललेली दिसते.

१५/२७
शब्दांच्या निवडीतही तेच. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’, देवासाठी ‘परमेश्वर’ आणि ‘स्वामी’, शिकवणाऱ्यासाठी ‘गुरू’. जिथे जुना शब्द घेतला तर जुना अर्थही आत येईल अशी भीती होती, तिथे मात्र परका शब्द तसाच ठेवला : पवित्र आत्म्यासाठी ‘स्पिरितु सांतु’. प्रौढ श्रोत्याला शिकवताना हा तोल फार नाजूक असतो. सगळे शब्द नवे दिले तर ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही. सगळे जुने दिले तर त्याला नवे काही सांगितले जातच नाही. स्टीफन्स यांनी प्रत्येक शब्दापाशी हा निर्णय घेतला आणि बहुतेक वेळा श्रोत्याच्या ओळखीच्या शब्दाला झुकते माप दिले.

१६/२७
छंद ओवीचा. ज्ञानेश्वरीची ओवी, एकनाथांच्या भागवताची ओवी आणि जात्यावरची ओवी ही सारी एकाच घराण्यातली. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे स्टीफन्स गोव्यात उतरण्याआधी सहाच वर्षे. ओवीचे तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. हा घाट कानावर एकदा पडला की पुढची ओळ मागच्या ओळीच्या आधाराने आठवते. ज्या समाजात बहुतेक शिक्षण ऐकून होते, तिथे स्मरणाला सोपा छंद निवडणे हा अध्यापनाचा भाग होता. मराठीची स्तुती करणाऱ्या त्या प्रसिद्ध ओव्यांकडेही या प्रकाशात पाहावे लागते : श्रोत्याच्या भाषेत शिकवण्याच्या निर्णयाचे ते समर्थन आहे.

१७/२७
लिपीचा प्रश्न मात्र सुटला नाही. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तके छापण्याची अनुमती मागितली. अडचण खिळ्यांची होती. रोमन वर्णमालेला दोन डझन अक्षरे पुरतात. जोडाक्षरांसह इथली लिपी छापायची तर शेकडो साचे पाडावे लागणार. ते झाले नाही आणि ‘क्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत छापले गेले. मराठी काव्य, भारतीय छंद, पौराणिक घाट आणि परकी लिपी असा हा ग्रंथ रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडला.

१८/२७
या लिपीचा एक परिणाम तर्काने सांगता येतो. इगर्जीला जोडून धर्मग्रामशाळा असत. तिथे मुले दोत्रिन, वाचन-लेखन आणि गायन शिकत. रोमन अक्षरे वाचणारे नव्या पिढीतले हे विद्यार्थी. जुन्या पिढीला लिपी अनोळखी, पण भाषा आणि छंद परिचयाचे. तरुणांना लिपी सरावाची, पण ग्रांथिक मराठीतील अनेक संदर्भ कच्चे. पुराण उलगडायचे तर वाचणारा तरुण आणि अर्थ जाणणारा वडीलधारा यांनी एकत्र बसणे ओघानेच आले. दोत्रिनीने लेकरांना आईबापांचे शिक्षक केले होते. पुराणाने वडीलधाऱ्यांना त्यांचे स्थान काही अंशी परत दिले असावे.

१९/२७
वाचन इगर्जीत होई, रविवारी आणि सणावारी, मिस्सेनंतर. मिस्सा लॅटिनमध्ये, तिचे शब्द बहुतेकांना कळत नसत. त्यानंतर ऐकू येणारी मराठी ओवी हाच समजणारा भाग. इगर्जीभोवती इतर सामुदायिक जीवनही आकाराला आले : सण आणि मिरवणुका सांभाळणाऱ्या, वर्गणी काढणाऱ्या, मृतांच्या अंत्यविधीला उभ्या राहणाऱ्या ‘कॉन्फ्रारिया’ नावाच्या भक्तमंडळ्या, गावचे फेस्त, वाड्यावरच्या खुरसापुढे गायली जाणारी लादाईन. लादाईन संपल्यावर शेजारपाजार एकत्र बसतो, खाऊ वाटला जातो. श्रवण, गायन, प्रसाद आणि गप्पा हा संध्याकाळचा जुना क्रम नव्या रूपात पुन्हा उभा राहिला.

२०/२७
या नव्या घराला जुन्या भिंतीही होत्या. गोव्यात गावकरी ही जमीन आणि गावकारभार सांभाळणारी प्राचीन संस्था. देवळाचा खर्च तीच उचलत असे. धर्मांतरानंतर गावकऱ्यांनी इगर्जीच्या सणांत तेच मान आणि तेच हक्क मागितले. अनेक ठिकाणी मानाच्या कॉन्फ्रारिया ब्राह्मण आणि चारडो कुळांपुरत्याच राहिल्या. खालच्या मानल्या गेलेल्यांसाठी वेगळ्या मंडळ्या. पुराण मागणारा पृच्छक ब्राह्मण असणे हेही याच समाजरचनेचे चिन्ह. शूद्र शेतकऱ्याला किंवा मासेमारी करणाऱ्या स्त्रीला पाद्रीगुरूकडे काय मागायचे होते, ते कोणत्याही ओवीत नोंदलेले नाही.

२१/२७
प्रश्न विचारण्याच्या स्वातंत्र्यालाही कुंपण होते. नवख्रिस्ती माणूस ‘आमच्या पुराणांसारखे दुसरे पुराण द्या’ असे म्हणू शकत होता. ‘आमची पुराणे परत द्या’ असे म्हणण्याची त्याला मुभा नव्हती. जुन्या विधींकडे वळल्याचा संशय आला तर इन्क्विझिशनचे दार उघडे होते. म्हणून ‘क्रिस्तपुराण’ हे दोन धर्मांच्या गोड संवादाचे स्मारक आहे असे म्हणणे अपुरे आहे. ते निव्वळ लबाडीचे साधन होते असे म्हणणेही तितकेच अपुरे, कारण त्याने ऐकणाऱ्याची भूक ओळखली आणि तिला मान दिला. इथे सक्ती आणि आस्था एकाच इगर्जीत शेजारीशेजारी बसल्या होत्या.

२२/२७
स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. त्यांनी धरलेली भाषेची वाट पुढच्या राज्यकर्त्यांना रुचली नाही. २७ जून १६८४ रोजी विजरई कोंदी द आल्व्होर यांनी आज्ञा काढली : लोकांनी देशी भाषा सोडावी, तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. आदल्याच वर्षी संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यात उतरल्या होत्या; त्या धास्तीची छाया या आज्ञेवर होती. देशी भाषेला धर्माची भाषा मानणारे धोरण मागे पडले आणि तीच भाषा संशयाचे कारण ठरली. पुराण ऐकणाऱ्यांची चूक एवढीच की ते त्यांना समजत होते.

२३/२७
पुढचे घाव एकामागून एक आले. १७४५ मध्ये आर्चबिशप लॉरेन्सु द सांता मारिया यांनी पोर्तुगीज येत नसेल तर विवाहास अनुमती नाकारण्याचे फर्मान काढले. १७५९ मध्ये पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने येशूसंघालाच पोर्तुगीज मुलुखातून हाकलले. ज्यांनी पुराणे रचली त्यांचा संघच नाहीसा झाला. छपाई तर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच थंडावली होती; गोव्यात छापखाना पुन्हा सुरू झाला तो १८२१ मध्ये. ‘क्रिस्तपुराणा’च्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. एवढ्या आघातांनंतर हा ग्रंथ नामशेष व्हायला हवा होता.

२४/२७
तो वाचला गोव्याबाहेर. दुष्काळ, कर, युद्धांची धामधूम आणि इन्क्विझिशन यांना कंटाळून गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेकडे, कानडा मुलुखात गेली होती. जाताना त्यांनी पुराणाच्या हस्तलिखित नकला नेल्या. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूरकडच्या ख्रिस्ती समाजाला श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले. सुटका झाली ती १७९९ नंतर. या समाजाने घरे, शेते, इगर्जी गमावल्या, पण परतल्यावरही काही घरांत पुराण होते. विशेष प्रसंगी ते गायले जाण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकली. १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीत त्याची आवृत्ती काढली, ती अशा हस्तलिखितांच्या आधारेच.

२५/२७
दरम्यान लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित पडून होते. १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्याहून निघाली आणि महाराष्ट्रातील वाचकाला हा ग्रंथ आपल्या लिपीत मिळाला. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये ज्या लिपीची मागणी केली होती, त्या लिपीत छापील पुराण यायला साडेतीनशे वर्षे लागली. तोवर ग्रंथ जिवंत ठेवण्याचे काम विद्यापीठांनी केले नव्हते. ते धर्मग्रामातील घराघरांनी केले होते.

२६/२७
सासष्टीतला प्रश्न कॅथलिक धर्मसभेला फार उशिरा पुन्हा सापडला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषांना स्थान दिले. १९७१ च्या धर्मशिक्षणविषयक निर्देशिकेने प्रौढांचे धर्मशिक्षण हेच धर्मशिक्षणाचे मुख्य रूप मानावे असे सांगितले. १९७२ मध्ये प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा जुना टप्प्याटप्प्याचा विधी पुन्हा प्रचारात आला. वसईच्या धर्मग्रामांत मिस्सा मराठीत होऊ लागली. तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. शिकणाऱ्याच्या भाषेत शिकवा, हा आग्रह आता अधिकृत झाला होता.

२७/२७
मराठीच्या इतिहासात ‘क्रिस्तपुराणा’ला बहुधा भाषेचे प्रशस्तिपत्र म्हणून जागा मिळते. त्याची दुसरी जागा शिक्षणाच्या इतिहासात आहे. प्रौढ माणूस शिकायला येतो तेव्हा रिकाम्या हातांनी येत नाही. आयुष्यभर ऐकलेल्या कथा, शंका आणि गमावलेल्या गोष्टींचे दुःख घेऊन येतो. सासष्टीच्या त्या पृच्छकाने, मग तो खरा असो वा रचलेला, हे गुरूला ऐकवले आणि गुरूने आपला ग्रंथ त्यानुसार घडवला. ज्या राजसत्तेने त्याच्या पोथ्या नेल्या ती १९६१ मध्ये गोव्यातून गेली. त्याने मागून घेतलेले पुराण मात्र आजही ग्रंथालयात मागितले तर मिळते. पुढच्या २७ फेब्रुवारीला स्तुतीच्या ओव्या वाचून झाल्या, की ‘पैल्या पुराणा’चा पहिला अवस्वरू उघडावा. तो पृच्छक तिथेच उभा आहे.